आतल्या खोलीकडे झुकलेलं रोप

१

रोप ताईने पाठवलं. खोक्यात, वर्तमानपत्राच्या बोळ्यांमध्ये नीट बसवून, आणि सोबत चिठ्ठी: "आईच्या सोबतीला. याला काहीही करावं लागत नाही."

धाकटीने चिठ्ठी वाचली आणि तिला हसू आलं. ताईच्या मते आईलाही काही करावं लागत नव्हतं. दर रविवारी फोनवर वीस मिनिटं काळजी केली की ताई मोकळी. उरलेला आठवडा धाकटीचा.

धाकटी फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवायचे आणि घरी आलं की आईचा वाकवायचा. तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. तीन महिन्यांत चालू लागतील, असं सर्जन म्हणाले होते. हाड ठरल्या वेळी जुळलं, आई मात्र उठली नाही. उजवा गुडघा चाळीस अंशांवर जो अडकला तो अडकलाच. दूरच्या शहरातल्या खेळाडूंच्या इस्पितळाने धाकटीला बोलावलं होतं. आई चालायला लागली की येते, असं तिने कळवलं. दोन वर्षं त्यांनी पत्रं पाठवली, तिसऱ्या वर्षी पाठवली नाहीत. पण धाकटी हट्टाला पेटली होती. आईला एकदा खोलीच्या दारापर्यंत चालवायचं, बाकी आयुष्याचं मग बघू, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

सकाळी सहाला चहा, मग अंग पुसणं, मग व्यायाम. दोन पात्यांचा प्लास्टिकचा कोनमापक गुडघ्याला लावायचा, आकडा कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या तक्त्यावर लिहायचा. चाळीस. चाळीस. एकदा बेचाळीस आला तेव्हा धाकटीने ताईला मुद्दाम फोन केला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस.

"आज एक पाऊल टाकूया, आई?"

"उद्या," आई म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

दुपारी एक वाजता समोरच्या घरातल्या काकू त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून आईला जेवण गरम करून द्यायच्या. संध्याकाळी सहाला धाकटी परत यायची, तेव्हा ताट घासून ओट्यावर पालथं घातलेलं असायचं. काकूंचे उपकार कसे फेडायचे, असं तिला रोज वाटायचं.

रोप तिने आईच्या उशाशी ठेवलं. ओंजळीत मावेल एवढं, जाड फिकट हिरव्या पानांचं, उमललेल्या गुलाबाच्या आकाराचं.

"इथे नको," आई लगेच म्हणाली. "वास येतो त्याला."

धाकटीने नाक जवळ नेऊन हुंगलं. त्याला कसलाच वास नव्हता. पण आजारी माणसाशी कोण वाद घालणार, म्हणून तिने ते उचलून हॉलच्या खिडकीत ठेवलं. तसंही आईची खोली पॅसेजच्या टोकाला, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय पेपर वाचता यायचा नाही. ऊन काय ते हॉलमध्ये.

२

महिनाभरात रोपाची रया गेली. गुलाबाचा आकार सुटला, मधला दांडा किडकिडीत वाढत वर निघाला, खालची पानं एकेक करून मऊ पडून गळाली. धाकटीने पाणी कमी केलं. मग माती बदलली, वाळू मिसळली. दवाखान्यात इतक्या माणसांना ती उभी करायची, आणि एवढंसं रोप तिला दाद देईना. तिला त्याचा राग यायचा आणि मग रागाची लाजही वाटायची.

दांडा उंच झाला की तो उजेडाकडे झुकतो, एवढं तिला ठाऊक होतं. दर रविवारी कुंडी पाव वळण फिरवायची, म्हणजे रोप सरळ राहतं. विसर पडू नये म्हणून तिने कुंडीच्या काठावर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. पट्टी या रविवारी खिडकीकडे, पुढच्या रविवारी डावीकडे, असा हिशोब.

एका बुधवारी ती चप्पल शोधत हॉलमध्ये आली आणि थबकली. पट्टी जागच्या जागी होती. कुंडी कोणी हलवलेली नव्हती. पण दांडा खिडकीला पाठ करून, घराच्या आत झुकला होता.

रोप चुकलं असेल, असं तिला वाटलं. मग आपल्याच विचाराचं हसू आलं. रोप कधी चुकतं का? तिने कुंडी अर्धी फिरवली. आता दांडा खिडकीकडे, उन्हात. शनिवारी पाहिलं तर तो पुन्हा वळून आत. लांब मानेवरचं ते पानांचं डोकं पॅसेजकडे बघत होतं, आणि पॅसेजच्या टोकाला आईच्या खोलीचं बंद दार होतं.

धाकटीचा स्वभाव मोजणाऱ्याचा. तिने कोनमापक आणला, एक पातं कुंडीवर उभं धरलं, दुसरं दांड्याला लावलं. बावीस अंश. आठवड्याने सव्वीस. दुसऱ्या आठवड्यात एकतीस. तो आकडाही तिने तक्त्यावर, आईच्या गुडघ्याच्या शेजारच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली.

"ते काय लिहितेस गं?" आईने अंथरुणातून विचारलं.

"रोपाचं. ते तुझ्या खोलीकडे वाकतंय, आई. तुला सोबत करायची आहे वाटतं."

धाकटीला वाटलं, आई हसेल. आईने मात्र तिच्याकडे रोखून पाहिलं.

"टाकून दे ते," आई म्हणाली.

३

तिने ते टाकलं नाही. रोप उचलून ती दवाखान्याजवळच्या नर्सरीत गेली. नर्सरीवाला म्हातारा होता आणि गिऱ्हाइकापेक्षा झाडाशी जास्त बोलायचा. त्याने कुंडी हातात घेऊन जोखली, दांड्यावरून अंगठा फिरवला.

"पाणी बरोबर आहे. मातीही बरोबर. मग रडतंय कशाला? कमी उजेडात ठेवलंय का?"

"हॉलच्या खिडकीत आहे. सकाळपासून ऊन असतं."

"छे. हे बघा, इकडच्या अंगाची पानं कशी लालसर झालीत. कडक ऊन लागलं की अशी कड येते. म्हणजे इकडून त्याला ऊन मिळतंय, पण लांबून. म्हणून ते मान ताणतंय." त्याने बोट ठेवलं ती बाजू आईच्या खोलीची होती.

"तिकडे ऊन नाही हो काका. तिकडे अंधारी खोली आहे."

"तुम्ही घरी असता का दिवसा?"

"नाही."

"मग तुम्हाला काय माहीत?" म्हातारा मिस्कील हसला आणि दुसऱ्या कुंडीकडे वळला.

त्या संध्याकाळी तिने रोप स्वयंपाकघरात हलवलं. ओट्याच्या कोपऱ्यात, फ्रीजशेजारी. चार दिवसांत दांडा फरशी लावलेल्या कोऱ्या भिंतीकडे वळला, इतका की टोकाचं पान फरशीला टेकलं. भिंतीपलीकडे आईचा पलंग होता.

धाकटीने सगळी कारणं तपासली. तिने भिंतीला हात लावून पाहिला, नळाचं गरम पाणी कुठून जातं ते पाहिलं. शेजारच्या इमारतीच्या काचेवरून उन्हाचा कवडसा येत असेल म्हणून सुट्टीच्या दिवशी आईच्या खोलीत दिवसभर बसून राहिली. कवडसा आला नाही. खोली सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखी राखी होती. आईही दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. फक्त दुपारी एकच्या सुमाराला ती जरा चुळबुळली.

"तू जात का नाहीस आज?" आईने विचारलं.

"सुट्टी आहे, आई."

"हो का," आई म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत एवढी निराशा होती की धाकटीला एकदम परक्याच्या घरी बसल्यासारखं वाटलं.

४

सोमवारी सकाळी ती आईचे पाय पुसत होती. हे काम ती डोळे मिटूनही करू शकली असती. तीन वर्षं जमिनीला न टेकलेले तळवे असे मऊ होतात की बोट दाबलं तर खूण राहावी. अंथरुणाला खिळलेले असे किती तरी पाय तिच्या हाताखालून गेले होते.

ओला कपडा आईच्या टाचेला अडकला.

तिने कपडा बाजूला ठेवला आणि अंगठ्याने चाचपलं. टाच कडक होती. कडेला बारीक भेगही होती, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईच्या टाचेला असते तशी. चवड्याखाली घट्टा होता. धाकटीने मापाची फीत आणून पोटरी मोजली. तक्त्यावर गेल्या वर्षीचं माप होतं. पोटरी दीड सेंटिमीटरने भरली होती.

ती गुडघ्याकडे वळली. वाकवला. चाळीसला अडकला, नेहमीसारखा. पण आज तिने हात तसाच ठेवून नीट लक्ष दिलं. सांधा आखडला असला की हाताला एक प्रकारचा अडसर लागतो, आणि माणूस आतून रोखून धरत असला की वेगळा. हा फरक ती शिकाऊ मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. आईच्या गुडघ्यातला अडसर दुसऱ्या जातीचा होता.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तू उठतेस का गं, मी नसताना?"

आईचे डोळे भरले. खरंच भरले, पाणी गालावरून कानाकडे गेलं.

"मला चालता आलं असतं, तर तुझ्या तोंडाकडे बघत पडून राहिले असते का इथे? एवढा कंटाळा आला असेल माझा तर तसं सांग."

धाकटीने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. तिने माफी मागितली, आईचे डोळे पुसले, पांघरूण सारखं केलं. दिवसभर दवाखान्यात स्वतःला शिव्या घालत राहिली. आपण आपल्या आईवर पाळत ठेवतोय, तीही एका वाकड्या रोपाच्या सांगण्यावरून! संध्याकाळपर्यंत तिने स्वतःला पटवलंसुद्धा होतं. चादरीला घासून टाचा कडक झाल्या असतील आणि फीत सैल धरली गेली असेल.

टाच चादरीला घासून चवड्याला घट्टा कसा पडला, हा प्रश्न मात्र तिने स्वतःला विचारला नाही.

५

जिन्यात काकू भेटल्या. हातात पिशव्या, नेहमीसारख्या धापा टाकत.

"काय गं, बरीच बरी दिसतेयस. घरी राहायला लागल्यापासून तब्येत सुधारली हो तुझी."

"घरी कुठली काकू, मला कुठे वेळ आहे. तुम्ही दुपारी आईकडे बघता म्हणून तर निभतंय माझं."

काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या.

"माझी चेष्टा करतेस होय? मी गेले दोन महिने कुठे येतेय? तूच नाही का म्हणालीस, काकू आता त्रास घेऊ नका, दुपारी मी असते म्हणून?"

"मी? कधी?"

"अगं, मी किल्ली लावत होते तर तूच आतून बोललीस ना, दाराआडून. आईला चालवतेय म्हणालीस, मध्येच सोडता येत नाही. मला केवढा आनंद झाला! ऐकू येतं की आम्हाला, तुम्हा मायलेकींचं हसणं. परवा तर तुझ्या आईने गाणं म्हटलं." काकूंचा चेहरा हळूहळू उतरला. "बरं नाही का वाटत तुला? अशी पांढरी का पडलीस?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "विसरले होते मी."

ती वर आली. ओट्यावर ताट घासून पालथं घातलेलं होतं. शेजारी दोन पेले होते. दोन. ते रोजच दोन असायचे, हे तिला आत्ता आठवलं. एक आईचा आणि एक काकूंनी पाणी प्यायलेला, असं ती धरून चालली होती. तिने एक पेला उचलून उजेडात धरला. स्वच्छ होता. आपण जसा घासतो तसाच, तळाशी बोट फिरवून.

आतून आईने हाक मारली, "अगं ए, आलीस का? किती उशीर!"

पूर्वी, पडण्याआधी, आई तिला बबडी म्हणायची. लाड आला की बबडी, रागावली तरी बबडी. गेल्या तीन वर्षांत ती हाक तिच्या कानावर आली नव्हती. दुखण्याने माणूस तुटक होतं, रोग्याचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नसतं, असं ती रोग्यांच्या नातेवाइकांना समजावायची. स्वतःलाही तिने तेच समजावलं होतं.

"आले," धाकटीने उत्तर दिलं.

६

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी निघाली. आईला "येते गं" म्हणाली. दवाखान्यात सांगून साडेबाराला परतली. जिना चढताना तिचं मन दोन्ही बाजूंनी भांडत होतं. चोर असेल. आई भ्रमात एकटीच बोलत असेल, आवाज बदलून. काकूंचं वय झालंय, काहीतरी ऐकलं असेल. तिने किल्ली इतकी हळू फिरवली की कुलपाला स्वतःलाही कळू नये.

हॉल रिकामा होता. स्वयंपाकघराच्या दारातून तिला ओट्यावरची कुंडी दिसली; दांडा आता जवळजवळ आडवा झाला होता. त्याचं मोजमाप घ्यायची गरज नव्हती.

पॅसेजमध्ये ऊन होतं.

आईच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं आणि त्या फटीतून फरशीवर पिवळ्या धमक उन्हाचा पट्टा पडला होता. या घरात एवढं ऊन हॉलच्या खिडकीतही कधी आलं नव्हतं. धाकटीने पाऊल पुढे टाकलं. पट्टा तिच्या पायावर आला आणि बुटाच्या कापडातून ऊब लागली.

आतून पावलं टाकायला सांगणारा आवाज येत होता.

"उजवा. टाच आधी. हं, आता डावा. शाब्बास, आई."

तिचे शब्द, तिचीच लय. 'शाब्बास'च्या आधीचा तो छोटा श्वाससुद्धा तिचाच.

धाकटीने फटीला डोळा लावला. एवढ्या उजेडात आधी काही नीट दिसेना. मग फरशी दिसली आणि फरशीवर आईचे अनवाणी पाय, उभे, सरळ, वजन पेलणारे. त्यांच्या समोर हातभर अंतरावर दुसरे दोन पाय होते, उलटे मागे मागे जाणारे, रोग्याला चालवताना फिजिओ जाते तसे. पायांत पांढरे कापडी बूट, डाव्याची नाडी तुटून गाठ मारलेली. धाकटीने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिचे बूट तिच्याच पायांत होते, गाठीसकट. तिने पुन्हा वर बघायचं धाडस केलं नाही. तिचे डोळे त्या फरशीवरच राहिले.

"दमलीस, बबडे?" आईने विचारलं. किती मऊ आवाज होता तो!

"मी कशाला दमेन? तू बोल. ती परत काही म्हणाली का?"

"टाच बघितली तिने काल. मी रडले, मग गप्प बसली." आई हसली. "बिचारी. रोज तो आकडा लिहिते. मला धरून ठेवावं लागतं गं गुडघ्याला, घाम फुटतो."

"अजून थोडे दिवस, आई."

"तिच्या हाताचा मला कंटाळा येतो," आई म्हणाली. "तू कशी माझीच वाटतेस."

धाकटीला वाटलं, आपण ओरडतोय. तोंडातून मात्र एकच शब्द बाहेर आला आणि तोही लहान मुलीसारखा.

"आई?"

आतली पावलं थांबली.

"थांब हं," आई आत कुणाला तरी म्हणाली. "तू बस. मी बघते."

आणि आई चालत दाराकडे आली. धाकटीने ती पावलं ऐकली. टाच आधी, मग चवडा, दोन्ही पायांवर सारखं वजन, कुठे लंगडणं नाही, कुठे घसटणं नाही. याच आवाजासाठी तिने तीन वर्षं घातली होती. त्या क्षणी तिला सगळ्यांत आधी आनंद झाला. छाती भरून आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आईला धरायला तिचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले.

आई फटीत उभी राहिली. पाठीमागून ऊन येत होतं, तरी चेहरा स्पष्ट होता. त्यावर भ्रम नव्हता, झोप नव्हती, आजार तर नव्हताच. आईने धाकटीकडे पाहिलं. तिचे पुढे आलेले हात पाहिले, तोंड पाहिलं. तिने ओळखलं. लेकीला आई ओळखते तसं नीट, पुरतं ओळखलं. जरा संकोचलीसुद्धा, नको तेव्हा आलेल्या पाहुण्यासमोर माणूस संकोचतं तशी.

"कोण आहे गं?" आतून धाकटीच्याच आवाजाने विचारलं.

आईची नजर धाकटीवरून हलली नाही.

"कुणी नाही, बबडे," ती म्हणाली.

मग तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली.